माझगावचा निकाल, येवल्याचा निकाल

डिसेंबर १९९१ मध्ये नागपूरला विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन चालू असताना विधानसभा अध्यक्ष मधुकरराव चौधरी यांच्या हाती एक पत्र पडले. शिवसेनेचे आम्ही १८ आमदार वेगळे झालो आहोत, आमच्या गटाला मान्यता द्यावी, असा त्याचा आशय होता. सेनेचे तेव्हा ५२ आमदार होते. पक्षांतरबंदी कायद्यातल्या त्या वेळच्या तरतुदीप्रमाणे एक तृतीयांश आमदार एकत्र बाहेर पडले, तर ती 'फूट' ठरे आणि कोणाचीही आमदारकी जात नसे. बावन्नाचा एक तृतीयांश सतराच्या थोडा वर जातो, म्हणून अठरावी सही लागली. गटाने 'शिवसेना (ब)' असे नाव घेतले. त्याचे नेते होते माझगावचे आमदार छगन भुजबळ. सह्या करणाऱ्यांपैकी बरेच जण लगेच माघारी फिरले, तरीही अध्यक्षांनी फूट ग्राह्य धरली. गट काँग्रेसमध्ये विलीन झाला आणि सुधाकरराव नाईकांच्या मंत्रिमंडळात भुजबळांना जागा मिळाली.

या फुटीचा एक परिणाम आज फारसा कोणाला आठवत नाही. सेनेचे संख्याबळ भाजपच्या ४२ च्या खाली आले. त्यामुळे विधानसभेतले विरोधी पक्षनेतेपद मनोहर जोशींकडून गोपीनाथ मुंड्यांकडे गेले. पुढची तीन-सव्वातीन वर्षे मुंड्यांनी त्या पदावरून राज्य ढवळून काढले आणि १९९५ मध्ये युतीची सत्ता आली. काँग्रेसने विरोधकांना दुबळे करण्यासाठी सेना फोडायला हातभार लावला, आणि त्यातूनच तिला पूर्वीपेक्षा कडवा विरोधी पक्षनेता मिळाला.

या सगळ्या घडामोडीत एका घटकाला कोणी काही विचारले नाही. तो घटक म्हणजे १९९० मध्ये धनुष्यबाणावर शिक्का मारणारा माझगावचा मतदार. भुजबळांच्या पुढच्या चौतीस वर्षांकडे मी या एकाच प्रश्नाच्या बाजूने पाहतो. त्यांच्यावर गद्दार म्हणून लिहिले गेले, ओबीसींचा तारणहार म्हणूनही लिहिले गेले. दोन्ही बाजूंना आपापले पुरावे आहेत. पण प्रत्येक वळणावर ते मतदाराकडे गेले का आणि मतदाराने काय सांगितले, ही नोंद क्वचितच एकत्र मांडली जाते.

भुजबळांचा जन्म १५ ऑक्टोबर १९४७ चा, नाशिकच्या माळी कुटुंबातला. आईवडिलांचे छत्र लहानपणीच गेले. माझगावात नातेवाइकांकडे ते वाढले, भायखळ्याच्या मंडईत त्यांनी भाजी विकली. व्हीजेटीआयमध्ये यांत्रिकी अभियांत्रिकी शिकले. साठच्या दशकाच्या उत्तरार्धात मुंबईतल्या मराठी तरुणाला शिवसेनेने जे दिले, ते त्यांनाही मिळाले. शाखा मिळाली, शाखेच्या फळ्यावर नाव लागले, गल्लीत मान मिळाला आणि आवाज चढवून बोलण्याचा हक्क मिळाला. १९७३ मध्ये ते नगरसेवक झाले, पुढे पालिकेतले विरोधी पक्षनेते झाले. १९८५ मध्ये सेनेने मुंबई महापालिका स्वबळावर जिंकली, तेव्हा महापौरपद त्यांच्याकडे आले. त्याच वर्षीच्या विधानसभा निवडणुकीत सेनेचा एकच आमदार निवडून आला. तोही भुजबळच. एकटा माणूस अख्ख्या पक्षाच्या वतीने सभागृहात उभा राहतो, तेव्हा त्याला नियमांची पुस्तके पाठ करावी लागतात. भुजबळांचे संसदीय कौशल्य त्या पाच वर्षांत घडले, असे माझे मत आहे. पुढे विधान परिषदेत विरोधी पक्षनेता म्हणून त्यांनी सरकारला जसे घेरले, त्याची तयारी तिथली होती.

१९८६ च्या सीमा आंदोलनात कर्नाटक पोलिसांचा पहारा चुकवून, वेषांतर करून ते बेळगावात शिरले आणि तुरुंगात गेले. सेनेच्या जुन्या पिढीत हा प्रसंग आजही सांगितला जातो. मात्र त्याच काळातला दुसरा प्रसंग सांगितला जात नाही, आणि मला तो जास्त महत्त्वाचा वाटतो. डॉ. आंबेडकरांच्या 'रिडल्स इन हिंदूइझम' या ग्रंथावरून १९८७-८८ मध्ये महाराष्ट्र पेटला. सरकारने छापलेल्या खंडातला राम-कृष्णांविषयीचा भाग वगळावा म्हणून सेना रस्त्यावर उतरली आणि त्याला उत्तर म्हणून मुंबईत दलितांचा विराट मोर्चा निघाला. मोर्चा हुतात्मा चौकातून गेल्यानंतर सेनेने त्या जागेचे 'शुद्धीकरण' केले. ते करणाऱ्यांचे नेतृत्व भुजबळांकडे होते. महात्मा फुल्यांच्या नावाची संघटना ज्याने पुढे उभारली, ज्या तालुक्याच्या गावी आंबेडकरांनी धर्मांतराची घोषणा केली तिथून जो पाच वेळा निवडून आला, त्या माणसाच्या खात्यावर हा प्रसंग आहे. तो पुसता येणार नाही. उलट तो लक्षात ठेवल्याशिवाय पुढच्या चार वर्षांत त्यांनी किती अंतर कापले, हे कळत नाही.

त्या अंतराच्या मधोमध मंडल आहे. ७ ऑगस्ट १९९० रोजी विश्वनाथ प्रताप सिंह यांनी मंडल आयोगाच्या शिफारशी लागू करण्याची घोषणा केली. जातीवर आधारलेल्या आरक्षणाला शिवसेनाप्रमुख बाळासाहेब ठाकरे यांचा विरोध होता, आणि तो जाहीर होता. सेनेचा पाया तर माळी, आगरी, भंडारी, कोळी, तेली, शिंपी अशाच घरांतला होता. आपण मंडलच्या प्रश्नावर सेना सोडली, असे भुजबळ गेली तीन दशके सांगत आले आहेत. त्यांचे विरोधक वेगळेच सांगतात. त्यांच्या मते १९९० मध्ये ५२ आमदार निवडून आल्यावर विरोधी पक्षनेतेपद मनोहर जोशींना मिळाले, भुजबळांच्या वाट्याला दुसऱ्यांदा महापौरपद आले, आणि जखम त्याची होती. माझ्या वाचनात दोन्ही कारणे खरी आहेत. पद हुकल्याचा राग माणसाला दारापर्यंत आणतो. दाराबाहेर गेल्यावर तो काय करतो, त्यावरून दुसऱ्या कारणाची परीक्षा होते.

त्या परीक्षेत भुजबळ उतरले, हे त्यांच्या टीकाकारांनीही मान्य करायला हवे. १९९२ मध्ये त्यांनी महात्मा फुले समता परिषद स्थापन केली. पक्ष कोणताही असो, ही संघटना त्यांची राहिली. १९९३ मध्ये जालन्यात परिषदेचा प्रचंड मेळावा झाला. शरद पवार तेव्हा नुकतेच दिल्लीहून मुख्यमंत्री म्हणून परतले होते आणि ते मेळाव्याला होते. २३ मार्च १९९४ रोजी राज्य सरकारचा इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा आदेश निघाला. त्याच सुमारास ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीनंतर महाराष्ट्रातल्या पंचायती आणि पालिकांत ओबीसींना २७ टक्के जागा मिळाल्या. गावचा सरपंच, पंचायत समितीचा सभापती, नगराध्यक्ष या खुर्च्यांवर न्हावी, सुतार, कुंभार, साळी, वंजारी, धनगर घरांतली माणसे बसू लागली. अशा गावांत ज्यांनी आधीची ग्रामपंचायत पाहिली आहे, त्यांना हा बदल किती खोल आहे हे समजावून सांगावे लागत नाही. त्याचे श्रेय एकट्या भुजबळांचे नाही. मंडल आयोग, सर्वोच्च न्यायालयाचा १९९२ चा इंद्रा साहनी निकाल, पवारांचा निर्णय आणि जनार्दन पाटील यांच्यासारखे आधीपासून झगडणारे कार्यकर्ते, अशा सगळ्यांचा त्यात वाटा आहे. पण सत्तेच्या आतून हा प्रश्न रेटणारा माणूस भुजबळ होता, आणि सेनेत राहून त्याला तो रेटता आला नसता.

किंमतही त्यांनी मोजली. सेना सोडून जाणे ही त्या काळी जिवावर बेतणारी गोष्ट होती. शिवसेनाप्रमुखांनी त्यांना 'लखोबा लोखंडे' हे नाव दिले. अत्र्यांच्या नाटकातल्या ठगाचे ते नाव महाराष्ट्रात ठाऊक नसलेला माणूस विरळा, त्यामुळे ते चिकटले. माझगावात फिरणे कठीण झाले, भोवती पोलिसांचा कायमचा पहारा आला. जुलै १९९७ मध्ये, घाटकोपरच्या रमाबाई नगरातल्या गोळीबारानंतरच्या तापलेल्या दिवसांत, त्यांच्या मुंबईतल्या सरकारी निवासस्थानावर शिवसैनिकांनी हल्ला केला.

आणि माझगावचा निकाल? तो १९९५ च्या विधानसभा निवडणुकीत लागला. सेनेने बाळा नांदगावकर या तरुण शिवसैनिकाला उभे केले. भुजबळ मंत्री होते, दोनदा महापौर झालेले होते, दोनदा तिथूनच आमदार झालेले होते. ते हरले. १९९१ मध्ये जे मतदाराला विचारले नव्हते, त्याचे उत्तर त्याने पहिली संधी मिळताच दिले. इथपर्यंत लोकशाहीची रीत नीट चालली, असे म्हणता येते.

खरी गडबड त्यानंतरची आहे. १९९६ मध्ये ते विधान परिषदेवर गेले आणि तिथे विरोधी पक्षनेते झाले. विधान परिषद ही घटनेने दिलेली जागा आहे आणि तिथे भुजबळांनी केलेले काम उत्तम होते. युती सरकारला त्यांच्याइतका त्रास कोणी दिला नाही. तरीही १९९५ ते २००४ ही नऊ वर्षे त्यांना थेट मतदाराने निवडून दिलेले नव्हते, हे खरेच आहे. त्याच नऊ वर्षांत ते पक्षाचे प्रदेशाध्यक्ष, उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री झाले, आणि त्याच नऊ वर्षांत त्यांचा दुसरा पक्षबदल झाला. १० जून १९९९ रोजी राष्ट्रवादी काँग्रेस स्थापन झाली. सोनिया गांधींच्या विदेशी मूळाच्या मुद्द्यावर पवार बाहेर पडले, भुजबळ त्यांच्याबरोबर गेले आणि नव्या पक्षाचे महाराष्ट्रातले पहिले अध्यक्ष झाले. निवडणूक झाली, काँग्रेसला ७५ आणि राष्ट्रवादीला ५८ जागा मिळाल्या. ऑक्टोबरात दोघांनी मिळून सरकार बनवले. ज्या मुद्द्यावर पक्ष फुटला होता, तो राज्य चालवताना चार महिन्यांत बाजूला ठेवावा लागला. या बदलाला वैचारिक म्हणणे मला जमत नाही. तो एका नेत्यावरच्या निष्ठेचा बदल होता, आणि तसे सांगण्यात भुजबळांना कमीपणा वाटण्याचे कारण नव्हते.

गृहमंत्री असताना त्यांनी १९९२-९३ च्या दंगलकाळातील 'सामना'मधल्या लिखाणाबद्दल शिवसेनाप्रमुखांवर खटला चालवायला मंजुरी दिली. २५ जुलै २००० रोजी बाळासाहेबांना अटक झाली. मुंबई धास्तावून बंद झाली. न्यायालयाने काही तासांतच खटला मुदतबाह्य ठरवून रद्द केला. सात वर्षे कोणत्याही सरकारने ज्या फायलीला हात लावला नव्हता, ती उघडण्याचे धैर्य त्यात होते. पण कायद्याने घातलेली मुदत आधी न तपासता एवढ्या मोठ्या कारवाईला हात घालणे हा गृहखात्याचा अक्षम्य हलगर्जीपणा होता. त्यामुळे दंगलग्रस्तांना न्याय मिळण्याची एक शक्यता कायमची संपली. या अटकेची चर्चा नेहमी जुन्या गुरुशिष्यांच्या सूडाची म्हणून होते. माझ्या दृष्टीने तिच्यात सर्वांत जास्त नुकसान दंगलीत घरे गमावलेल्यांचे झाले.

डिसेंबर २००३ मध्ये तेलगी मुद्रांक घोटाळ्यावरून वातावरण तापलेले असताना एका वृत्तवाहिनीच्या कार्यालयावर राष्ट्रवादीच्या कार्यकर्त्यांनी हल्ला केला आणि भुजबळांना पद सोडावे लागले. त्या पडझडीतून बाहेर पडण्यासाठी त्यांनी मुंबई सोडली आणि २००४ मध्ये जन्मजिल्ह्यातल्या येवल्यातून निवडणूक लढवली.

येवला म्हटले की बाहेरच्या माणसाला पैठणी आठवते. गावातल्या घराघरांत माग आहेत आणि संक्रांतीला तीन दिवस आकाशात पतंग असतात. तात्या टोपे यांचे हे जन्मगाव. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी इथल्याच परिषदेत डॉ. आंबेडकरांनी, आपण हिंदू म्हणून मरणार नाही, ही घोषणा केली. त्या जागेवर आज मुक्तिभूमीचे स्मारक आहे आणि ते उभे राहण्यात भुजबळांचा हात आहे. शहर सोडून उत्तर-पूर्वेकडे निघालो की मात्र पैठणीचा श्रीमंत काठ संपतो आणि कोरडी जमीन सुरू होते. पाऊस कमी, विहिरी उन्हाळ्यात तळाला, टँकरची सवय पिढ्यांची. मतदारसंघाच्या दुसऱ्या बाजूला लासलगाव आहे. तिथली कांद्याची बाजारपेठ देशभराचे भाव ठरवते. दिल्लीने निर्यातबंदी घातली की आधी इथले लिलाव बंद पडतात.

या मतदारसंघात माळी समाज संख्येने मोठा नाही. मराठा मतदार मोठ्या संख्येने आहेत, शिवाय वंजारी, धनगर, दलित, मुस्लिम आणि विणकर समाज आहेत. ओबीसींचा नेता म्हणून ओळखला जाणारा माणूस इथून २००४, २००९, २०१४, २०१९ आणि २०२४ असा पाच वेळा निवडून आला. कारण काय? तिथल्या लोकांच्या बोलण्यात दोन शब्द सारखे येतात, 'रस्ते' आणि 'पाणी'. सार्वजनिक बांधकाम खाते वर्षानुवर्षे भुजबळांकडे होते आणि त्याचा फायदा तालुक्याला दिसेल असा मिळाला. शासकीय इमारती झाल्या, रस्ते झाले. पाण्याचे काम त्याहून अवघड होते. सह्याद्रीच्या माथ्यावर पडणारे आणि पश्चिमेला वाहून जाणारे पाणी बोगद्यातून पूर्वेकडे वळवायचे, पुणेगाव धरणात आणायचे आणि तिथून दरसवाडी, डोंगरगावपर्यंत कालव्याने येवल्याच्या कोरड्या भागात न्यायचे. मांजरपाडा योजना म्हणतात ती ही. तिला दशकभराहून जास्त काळ लागला, खर्च वाढत गेला, कालव्याच्या शेवटच्या टोकाला पाणी पोचण्याबद्दलच्या तक्रारी आजही संपलेल्या नाहीत. पण सत्तेत कोणता पक्ष आहे याची पर्वा न करता आमदार या एका कामामागे लागलेला लोकांनी पाहिला. म्हणून येवल्यात पक्षाचे चिन्ह दुय्यम ठरले.

पक्षांतराबद्दल बोलताना शहरी वाचक जे विसरतो, ते इथे लख्ख दिसते. पाण्याची वाट पाहणाऱ्या गावासाठी आमदार सत्तेत असणे ही चैन नसते. महाराष्ट्रात विरोधी आमदाराचा निधी अडतो, त्याच्या कामांना स्थगिती मिळते, सरकार बदलले की आधीच्या सरकारने मंजूर केलेली कामे थांबतात. हे २०१९ नंतर झाले, २०२२ नंतरही झाले. 'मतदारसंघाच्या विकासासाठी' हे पक्षांतराचे ठरलेले कारण हास्यास्पद वाटते खरे. पण ज्या व्यवस्थेत तालुक्याचा रस्ता आमदाराच्या बाकावर अवलंबून असतो, तिथे त्या कारणाला आपणच वजन दिलेले आहे. निधीवाटपाचा नियम बदलल्याशिवाय निष्ठेची अपेक्षा करणे म्हणजे कोरड्या गावाला उपाशीपणी व्रत करायला सांगणे.

१४ मार्च २०१६ रोजी सक्तवसुली संचालनालयाने भुजबळांना अटक केली. दिल्लीतल्या महाराष्ट्र सदनाच्या बांधकामासह अनेक व्यवहारांत गैरप्रकाराचे आरोप होते. ४ मे २०१८ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने जामीन देईपर्यंत, म्हणजे दोन वर्षांहून अधिक काळ, ते कोठडीत होते. सप्टेंबर २०२१ मध्ये महाराष्ट्र सदन प्रकरणात विशेष न्यायालयाने त्यांना दोषमुक्त केले. खटला उभा राहण्यापूर्वीच दोन वर्षे आत राहावे लागणे हा प्रकार त्यांच्याबाबतीत अन्यायकारक होता, असे मी त्यांचा राजकीय विरोधक असतो तरी म्हटले असते. मनी लाँडरिंग प्रतिबंधक कायद्यातल्या जामिनाच्या अटी इतक्या कडक आहेत की चौकशी हीच शिक्षा होते. अशी शिक्षा भोगून आलेल्या किंवा तिची टांगती तलवार पाहणाऱ्या माणसाचा पुढचा निर्णय कितपत मोकळा असतो, हा प्रश्न शिवसेनेतल्या २०२२ च्या आणि राष्ट्रवादीतल्या २०२३ च्या, अशा दोन्ही फुटींना विचारला पाहिजे.

२८ नोव्हेंबर २०१९ च्या संध्याकाळी शिवाजी पार्कवर उद्धव ठाकरे यांच्याबरोबर शपथ घेणाऱ्या सहा मंत्र्यांत भुजबळ होते. अन्न व नागरी पुरवठा खाते त्यांच्याकडे आले. दहा रुपयांची शिवभोजन थाळी २६ जानेवारी २०२० ला सुरू झाली, टाळेबंदीत ती पाच रुपयांवर आली. हातावर पोट असणाऱ्या हजारो माणसांचे त्या महिन्यांत तिच्यावर निभावले.

मग २ जुलै २०२३. राष्ट्रवादीतून फुटून भाजपबरोबरच्या सरकारात सामील होताना राजभवनात अजित पवारांनी उपमुख्यमंत्रिपदाची शपथ घेतली आणि त्यांच्यामागून भुजबळांनी मंत्रिपदाची. त्याआधी पाचच दिवस भोपाळच्या सभेत पंतप्रधानांनी राष्ट्रवादीवर सत्तर हजार कोटींच्या घोटाळ्यांचा आरोप केला होता. ८ जुलैला शरद पवारांनी पक्ष पुन्हा उभारण्यासाठी पहिली सभा घेतली ती येवल्यात. आपला अंदाज चुकला, म्हणून माफी मागायला आलो आहे, असे त्यांनी तिथल्या लोकांना सांगितले. पक्ष फुटल्यावर नेत्याने मतदारसंघात येऊन मतदाराची माफी मागावी, असे आपल्याकडे सहसा घडत नाही. जाणाऱ्याने तर कधीच मागितलेली नाही.

या तिसऱ्या बदलाला मी पहिल्याच्या पंक्तीत बसवू शकत नाही. १९९१ मध्ये मंडलचा प्रश्न होता आणि बाहेर पडण्यात धोका होता. २०२३ मध्ये धोका मागे राहण्यात होता. शिवाय ज्या ओबीसी प्रश्नासाठी सगळे केले असे ते म्हणतात, त्याच प्रश्नावर त्यांची नव्या सरकारशी काही महिन्यांतच टक्कर झाली. मराठा समाजाला कुणबी प्रमाणपत्रे देण्याच्या निर्णयाविरोधात १७ नोव्हेंबर २०२३ ला अंबडच्या सभेत ते मंत्री असून सरकारविरुद्ध बोलले. त्याच्या आदल्या दिवशी आपण राजीनामा दिला होता, हे त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केले. राजीनामा मंजूर झाला नाही आणि त्यांनीही तो लावून धरला नाही. लोकसभेला नाशिकची उमेदवारी मिळाली नाही, राज्यसभा मिळाली नाही. विधानसभेत निवडून आल्यावरही १५ डिसेंबर २०२४ च्या विस्तारात, नागपुरातच, त्यांना मंत्रिमंडळाबाहेर ठेवले गेले. धनंजय मुंडे यांच्या राजीनाम्याने जागा रिकामी झाल्यावर २० मे २०२५ रोजी ते पुन्हा मंत्री झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठ्यांच्या कुणबी प्रमाणपत्रांसाठी हैदराबाद गॅझेटचा आधार घेणारा शासन निर्णय निघाला, तेव्हा मंत्रिमंडळाच्या बैठकीला ते गेले नाहीत. १९९४ मध्ये सत्तेत राहून त्यांनी समाजासाठी आदेश काढून घेतला होता. २०२५ मध्ये सत्तेत राहून त्यांना समाजाविरुद्धचा म्हणून त्यांनीच निषेध केलेला आदेश थांबवता आला नाही. सत्तेच्या बाजूला राहण्याचे जे एकमेव समर्थन होते, ते इथे ढासळले आहे.

येवल्याचा निकाल तरी त्यांच्या बाजूने लागला, ही गोष्ट कमी लेखता कामा नये. २०२४ मध्ये मराठा आंदोलनाचा रोष होता, शरद पवारांचा प्रचार होता, समोर त्यांच्या पक्षाचे माणिकराव शिंदे होते. २०१९ मध्ये छप्पन हजारांवर असलेले मताधिक्य सव्वीस हजारांवर आले, पण भुजबळ जिंकले. माझगावने हरवले, येवल्याने स्वीकारले. दोन्ही निकाल मला सारखेच आदरणीय वाटतात. दोन्ही ठिकाणी खटकते ती एकच गोष्ट: माझगावला तीन वर्षांहून अधिक आणि येवल्याला सोळा महिने थांबावे लागले. तेवढा काळ एका चिन्हावर घेतलेली मते दुसऱ्याच बाजूला वापरली गेली.

कायदा याबद्दल काय म्हणतो? १९८५ च्या ५२ व्या घटनादुरुस्तीने दहावे परिशिष्ट आणले. एकट्यादुकट्याने उडी मारणे बंद झाले आणि घाऊक उड्या सुरू झाल्या. २००३ च्या ९१ व्या दुरुस्तीने एक तृतीयांश फुटीची सोय काढून टाकली, दोन तृतीयांशांच्या विलीनीकरणाची ठेवली. मग 'आम्हीच मूळ पक्ष' हा दावा पुढे आला. निवडणूक आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये घड्याळ अजित पवारांना दिले. त्याच महिन्यात विधानसभा अध्यक्ष राहुल नार्वेकर यांनी ५३ पैकी ४१ आमदारांचा कल पाहून त्यांचाच पक्ष खरा ठरवला आणि कोणालाही अपात्र केले नाही. १९९१ मध्ये फूट, १९९९ मध्ये नवा पक्ष, २०२३ मध्ये मूळ पक्ष. तीन पक्षबदल करणारे भुजबळ एकदाही कायद्याच्या कचाट्यात सापडले नाहीत. १९९१ मध्ये आणि २०२३ च्या फुटीनंतर कायद्याने आमदारांची डोकी मोजली आणि ज्यांच्या जोरावर ते आमदार होते त्यांना साक्षीलाही बोलावले नाही. निवाडा करणारा अध्यक्षही सत्ताधारी पक्षातूनच आलेला असतो. किहोटो होलोहान प्रकरणात फेब्रुवारी १९९२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अध्यक्षांचा निर्णय न्यायालयात तपासता येईल, असे ठरवले. पण तपासणीला इतका वेळ लागतो की तोवर विधानसभेची मुदत संपते.

दुसरा रस्ता होता आणि महाराष्ट्राने तो पाहिलेला आहे. जुलै २००५ मध्ये नारायण राणे शिवसेनेतून बाहेर पडले. त्यांनी आमदारकीचा राजीनामा दिला, काँग्रेसमध्ये गेले आणि नोव्हेंबरात मालवणची पोटनिवडणूक लढवून जिंकली. सेनेच्या उमेदवाराची अनामत रक्कम जप्त झाली. राण्यांच्या पुढच्या प्रवासाबद्दल, काँग्रेस, स्वाभिमान आणि भाजप या वाटचालीबद्दल, कोणाचे काहीही मत असो, त्या वेळी त्यांनी पाच महिन्यांच्या आत मालवणला विचारले होते. तो जनादेश त्यांचा स्वतःचा होता, कोणाकडून उसना घेतलेला नव्हता.

हेच कायद्यात यावे, एवढीच माझी मागणी आहे. ज्या चिन्हावर निवडून आला त्यापासून जो आमदार किंवा खासदार वेगळा होईल, त्याची जागा त्याच दिवशी रिकामी व्हावी. मग तो एकटा असो, अठरांत असो वा एक्केचाळीसांत असो. सहा महिन्यांत पोटनिवडणूक व्हावी आणि पुन्हा निवडून येईपर्यंत त्याला मंत्रिपद मिळू नये. पक्ष बदलण्याचा हक्क राहावा. माणसाचे मत बदलते आणि बदलायलाही हवे. १९८८ चा भुजबळ १९९२ ला तसाच राहिला असता, तर महाराष्ट्राचे नुकसान झाले असते. पुढच्या वेळी तुमच्या दारात मत मागायला येणाऱ्याला, पक्ष सोडलास तर राजीनामा देऊन परत आमच्याकडे येशील का, हे आधी विचारा. आणि उत्तर चार माणसांसमोर घ्या.